कार्यक्रम भरपूर, पण येतात तीच बावीस माणसं! ज्येष्ठांच्या संकुलात तुमच्याकडे कसं चालतं? (नाशिक)

जास्वंद (१८ जानेवारी, सकाळी ७:१०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं डोंबिवलीचं घर विकून नाशिकला आलो. गंगापूर रोडने पुढे गेलं की द्राक्षबागा लागतात, त्या बाजूला ज्येष्ठांसाठी बांधलेलं एक संकुल आहे, तिथे राहतो. ६४ घरं, आज ८७ माणसं. नातेवाईक अजून 'वृद्धाश्रम' म्हणतात म्हणून सांगते: घर आपलं, किल्ली आपली, देव्हारा आपला, सकाळचा चहा आपल्या हातचा. मेस, नर्स, साफसफाई आणि क्लबहाऊस तेवढं सगळ्यांचं मिळून. इथे आल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

दिवाळीनंतर सांस्कृतिक समितीचं काम माझ्याकडे आलं. ३१ वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे वेळापत्रक करणं हातचं काम. सोमवारी भजन, मंगळवारी तंबोला, बुधवारी कॅरम, गुरुवारी योगासनं, शुक्रवारी जुनी गाणी, शनिवारी सिनेमा. फळा रंगीत खडूंनी भरून टाकला आणि शाळेच्याच सवयीने हजेरी लिहिली. महिनाअखेरीस वही उघडली तर सगळ्या कार्यक्रमांना मिळून २२ नावं. तीच ती. अंथरुणाला खिळलेली ९ माणसं सोडली, तरी पन्नासहून जास्त जण संध्याकाळी दार लावून आत बसलेले असतात.

डिसेंबरात आमच्याच मजल्यावरच्या एक बाई तापाने पडून होत्या. एकट्या राहतात. मेसचा मुलगा डबा दाराच्या कडीला अडकवून जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशींना कडीला आदल्या रात्रीचा डबा तसाच दिसला, म्हणून त्यांनी नर्सला बोलावलं. बाई आता बऱ्या आहेत. पण दोन दिवस एक माणूस दिसलं नाही, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. त्याच दोन दिवसांत खाली भजन झालं, तंबोलाही झाला. माझ्या वहीत त्यांचं नाव कधीच नव्हतं, त्यामुळे गैरहजेरीही लागली नाही. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमच्याकडे, तुमच्या आईवडिलांकडे कसं चालतं ते कृपया सविस्तर लिहा.

सिडकोवासी (१८ जानेवारी, दुपारी १२:३५)

ताई, आम्ही संकुलात नाही, सिडकोत राहतो. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. कार्यक्रम महिन्यातून दोनच, वाढदिवस आणि एखादं आरोग्य शिबिर. बाकी रोज संध्याकाळी पाच ते सात बागेतला कट्टा. पेपरातल्या बातमीवरून वाद, भाजीचे भाव, कुणाच्या नातवाचं लग्न. पण कट्ट्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. एक दिवस जागा रिकामी दिसली की फोन, दुसऱ्या दिवशीही रिकामी दिसली की दोघं जण घरी. हे कुणी ठरवलेलं नाही, आपोआप पडत गेलं. तुमच्या मेसमध्ये टेबलं ठरवून द्या असं सुचवेन. कुणाला आवडणार नाही, तरी द्या.

अबोली (१८ जानेवारी, दुपारी ३:०५)

ठरवून दिलेल्या टेबलांना माझा विरोध आहे. माझी आई देवळालीच्या बाजूला अशाच ठिकाणी राहते. तिथे व्यवस्थापनाने नंबर लावून टेबलं दिली. आईच्या टेबलावर दोघींचं पटेना, तर आईने मेसमध्ये जेवणंच सोडलं, डबा वर मागवायला लागली. माणसांना आपली माणसं आपण निवडू द्या. वय झालं म्हणून वर्गात बाकं लावल्यासारखं कुणी बसवू नये.

श्रवण_मनन (१८ जानेवारी, रात्री ९:२०)

मी कानांची तपासणी आणि श्रवणयंत्रांचं काम करते. जास्वंदताई, तुमच्या पन्नास माणसांपैकी कितीजणांना कमी ऐकू येतं ते आधी पाहा.

वयानुसार ऐकणं कमी होतं ते बहुधा वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून. म्हणजे समोरचा बोलतोय हे कळतं, पण स, श, फ, थ अशी व्यंजनं निसटतात. तंबोल्याला 'साठ' पुकारलं की ते 'आठ' ऐकतात. शेजारचा हसतो तेव्हा आपण का हसलो नाही हे त्यांना कळत नाही. माणूस दोनदा 'काय?' विचारतो, तिसऱ्यांदा नुसती मान डोलावतो, चौथ्यांदा येतच नाही. घरचे म्हणतात, बाबा तुसडे झाले. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत हेच वाक्य ऐकते.

तुमच्या हॉलला आणि मेसला गुळगुळीत टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि स्टीलची ताटं असणार. अशा खोलीत आवाज घुमतो, आणि श्रवणयंत्र ताटांचा आवाजही तितकाच मोठा करून देतं. म्हणून लोक यंत्र घेतात आणि कपाटात ठेवतात. खिडक्यांना जाड पडदे लावा. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घाला. चौघांपेक्षा मोठं टेबल नको. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा, पाठीमागे खिडकी नको, कारण निम्मं ऐकणं ओठांवरून होतं. आणि पुकारलेला आकडा फळ्यावर लिहा.

यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं. पहिल्याच आठवड्यात काढून ठेवू नका.

जास्वंद (१९ जानेवारी, सकाळी ६:४५)

श्रवण_मनन, खूप आभार. तंबोल्याचे आकडे मीच पुकारते, आणि खिडकीकडे पाठ करून पुकारते.

उंबरा (१९ जानेवारी, सकाळी ११:५०)

निवृत्त स्थापत्य अभियंता, म्हणून माझं लक्ष वेगळीकडे जातं. माणूस घरातून क्लबहाऊसपर्यंत कसा पोहोचतो? लिफ्टमधून बाहेर आल्यावर एखादी पायरी आहे का? हॉलच्या दाराला उंबरा आहे का? पोर्चमध्ये पावसात घसरायला होतं का? हॉलच्या जवळ स्वच्छतागृह आहे का, आणि त्यात धरायला दांडा आहे का? खुर्च्यांना हात आहेत का? गुडघे दुखणारा माणूस बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो, पण उठताना चारचौघांत कुणाचा तरी हात मागावा लागतो. तो दुसऱ्यांदा येणार नाही.

मे २०२४ मध्ये महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला पुरेल असा उतार, किमान ९०० मिलिमीटर रुंद दार, वाटेत पायऱ्या नसलेले व्हरांडे, न्हाणीघरात दांडे असं त्यात आहे. जे नव्याने घर घेणार आहेत त्यांनी नमुना सदनिकेतला सोफा पाहण्याऐवजी एक टेप घेऊन जावं.

एकटा_चालणारा (२० जानेवारी, रात्री १०:५०)

तुम्ही ज्यांना शोधता आहात त्यांच्यातला मी एक. तुमच्या संकुलातला नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका ठिकाणी राहतो.

ओझरला विमानांच्या कारखान्यात ३४ वर्षं काढली. तपासणी विभागात होतो. माझी सही झाल्याशिवाय भाग पुढे जात नसे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. हे ठिकाण तिनेच निवडलं होतं, तिला इथली बाग आवडली होती.

आमच्याकडचा फळाही भरलेला असतो. खाली गेलो तर कार्यक्रम घेणारी मुलगी 'चला आजोबा, टाळ्या वाजवा' म्हणते. मुलगी चांगली आहे, मनापासून करते. पण मला तिथे बसवत नाही. लोक समजतात मी दुःखात आहे म्हणून येत नाही. दुःख आहेच, ते खाली गेलो तरी राहणार आणि वर बसलो तरी राहणार. कारण वेगळं आहे. मी नाही गेलो तर तिथलं काही अडत नाही. जिथे आपल्यावाचून काही अडत नाही, तिथे दाढी करून, कपडे बदलून जायचं कशासाठी, हे मला रोज दुपारी तीन वाजता कळेनासं होतं.

तुमच्या त्या बाईंबद्दल वाचलं म्हणून लिहिलं. एरवी लिहिलं नसतं.

जास्वंद (२१ जानेवारी, सकाळी ६:३०)

काका, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला, सकाळी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मी इतके दिवस 'लोकांना काय आवडेल' हाच विचार करत होते. लोकांवाचून काय अडतं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

फिजिओ_ताई (२१ जानेवारी, दुपारी २:१५)

माझी घरोघरी जाऊन व्यायाम घेण्याची प्रॅक्टिस आहे, त्यात अशी दोन संकुलंही आहेत. खाली न येण्याचं मला दिसणारं मोठं कारण भीती. एकदा पडलेला माणूस पुढे सहा महिने घरातल्या घरातच वावरतो, आणि न चालल्यामुळे पायांतली ताकद आणखी जाते. मग पुन्हा पडण्याची शक्यता वाढते.

यातलं बरंच साध्या गोष्टींनी टळतं. काठीच्या टोकाला रबर असतं, त्याच्या तळाला वळ्या असतात. त्या झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर काठी सरकते. रबर बदलायला अगदी थोडा खर्च येतो, पण दहापैकी आठ काठ्यांचं झिजलेलं असतं. काठीची उंचीही पाहावी. हात सरळ खाली सोडून उभं राहिलं की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. मुलाने ऑनलाइन मागवलेली काठी बहुतेकदा उंच असते. वॉकरचे स्क्रू ढिले असतात, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लागत नाहीत.

शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सकाळी वारंवार लघवीला जावं लागतं. असा माणूस सकाळच्या सहलीला 'मला कंटाळा आलाय' असंच सांगतो, खरं कारण सांगत नाही. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि सहलीच्या सूचनेत वाटेत कुठे कुठे थांबणार ते आधीच लिहा.

एकटा_चालणारा काका, तुम्ही तपासणी विभागात होतात ना? तुमच्या संकुलातल्या काठ्या एकदा पाहाल का?

दूरदेशी (२२ जानेवारी, सकाळी ८:००)

मी गेली १४ वर्षं कॅलिफोर्नियात. आई नाशिकला अशाच संकुलात आहे. हा धागा वाचून तिला विचारलं, तू संध्याकाळच्या बैठकीला का जात नाहीस? ती म्हणाली, 'अरे, तुझा फोन येतो ना तेव्हा.'

मी रोज माझ्या सकाळी फोन करतो, तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. सहापासून ती चार्जर लावून, साडी बदलून फोनसमोर बसते. १४ वर्षं मी समजत होतो की रोज फोन करून मी तिची काळजी घेतोय. आजपासून वेळ बदलली. आता माझ्या रात्री, तिच्या सकाळी दहाला. माझ्यासारखे जे बाहेर आहेत त्यांनी आपल्या फोनची वेळ एकदा तपासा.

अबोली (२४ जानेवारी, दुपारी ४:४०)

एक विषय कुणी काढला नाही म्हणून काढते. संक्रांतीचं हळदीकुंकू. आईच्या संकुलात ४० बायका, त्यांतल्या २३ जणींचे पती गेलेले. गेल्या वर्षी हॉलमध्ये हळदीकुंकू झालं, उखाणे झाले, वाण लुटलं. त्या संध्याकाळी २३ दारं बंद होती. कुणी त्यांना 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. आई वाणाची तयारी करून द्यायला दुपारी गेली होती, तिळाच्या वड्या तिनेच थापल्या, आणि चार वाजता वर निघून आली. फोनवर मला म्हणाली, 'बरं दिसत नाही गं.'

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तसं परिपत्रक काढून इतर गावांनाही आवाहन केलं. एक गाव हे करू शकतं, तर शिकल्या-सवरलेल्या माणसांचं संकुल का नाही?

यंदा मी आधीच व्यवस्थापनाशी बोलले, ते म्हणाले 'हा महिलांचा आपसातला प्रश्न आहे'. शेवटी तिथल्या सगळ्यांत मोठ्या, ८८ वर्षांच्या आजींनी सोडवलं. सवाष्ण आहेत त्या, आजोबा ९२ वर्षांचे. त्या म्हणाल्या, 'मी एकेका दारी जाऊन बोलावणार, आणि मला नाही म्हणायचं नाही.' चालवत नाही, म्हणून चाकाच्या खुर्चीतून फिरल्या. २३ पैकी १९ जणी आल्या. आईने कुंकू लावून घेतलं नाही, हळद लावून घेतली. तेवढं तिचं तिने ठरवलं. पाच जणी सवाष्ण बायका नाराज होऊन आल्या नाहीत, तेही लिहिते, कारण सगळं गोड झालं असं नाही.

जास्वंद (२४ जानेवारी, रात्री ८:१०)

अबोली, वाचून गलबलून आलं. रथसप्तमीच्या आत आमच्याकडेही दारोदार जाते.

गोदातीर (२८ जानेवारी, सकाळी ९:३०)

मी जुन्या नाशिकातला, पंचवटीत राहतो. वडील ८१. तुम्हां सगळ्यांच्या संकुलांत मला एक गोष्ट खटकते. सगळं आत आणलेलं आहे. देऊळ आत, सिनेमा आत, भाजीवाला आत. गेटच्या बाहेर एवढं जुनं शहर पडलेलं आहे, त्याच्याशी संबंधच राहत नाही.

वडील आठवड्यातून दोनदा सार्वजनिक वाचनालयात जातात. १८४० साली सुरू झालेली संस्था. बुधवारी गंगेवरच्या बाजारात. (नवीन आलेल्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) भाजी थोडीशीच घेतात, पण चार भाजीवाल्या त्यांना नावाने ओळखतात. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते, १९२२ पासूनची. वडिलांनी तरुणपणापासून क्वचितच एखादं वर्ष चुकवलं असेल. घाटावर वारा सुटलेला असतो, पाणी जवळ, आणि शेजारी बसलेला माणूस त्याच खुर्चीला दरवर्षी बसत आलेला असतो. हे क्लबहाऊसमध्ये तयार करता येत नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, ६५ च्या पुढे अर्धं तिकीट. मग त्र्यंबकला खासगी बस करून कशाला जायचं? एसटीने जा. तासाभराचा रस्ता, उजवीकडे-डावीकडे डोंगर, आणि एसटीत माणसं भेटतात.

उंबरा (२८ जानेवारी, सकाळी १०:४०)

एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते पाहिलंत का? चढणाऱ्यांनी जावं, सगळ्यांना ते शक्य नाही.

गोदातीर (२८ जानेवारी, सकाळी ११:०५)

मान्य. चढू शकणाऱ्यांनाही तुम्ही खासगी बसमध्ये बसवता, माझं म्हणणं तेवढंच.

जास्वंद (२२ फेब्रुवारी, सकाळी ७:००)

महिना झाला, काय काय केलं ते लिहिते.

सगळ्यांत आधी पिशवी. प्रत्येकाने रात्री झोपताना दुधाची पिशवी बाहेर कडीला अडकवायची, सकाळी दूध आत घ्यायचं. आठपर्यंत पिशवी आत गेली नाही तर समोरच्या घराने बेल वाजवायची. समोरासमोरची दारं अशी जोड्या करून दिली. एका गृहस्थांनी स्पष्ट सांगितलं की मला एकटं राहायला आवडतं, मला कुठल्याही कार्यक्रमाला बोलावू नका. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी बोलावत नाही. पण पिशवी त्यांनी मान्य केली, आणि समोरच्या आजींची पिशवी ते रोज न चुकता पाहतात.

टेबलांचं सिडकोवासी आणि अबोली दोघांचंही ऐकलं. चौघाचौघांची टेबलं, पण चौघं आपली आपण ठरवायची. अठरा टेबलं झाली, तीन मोडली. पडदे लावले. आकडे फळ्यावर लिहिते. तंबोल्याला आता तिशीच्या वर माणसं असतात.

शनिवारचा सिनेमा बंद केला, कुणालाच नको होता.

आणि वहीत एक नवीन रकाना केला: 'कुणाकडे काय काम'. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका कधीच खाली येत नसत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे हे त्यांच्या सुनेकडून कळलं. फळा आता ते लिहितात. रोज सकाळी साडेसातला. त्यांना एक दिवस ताप आला तर फळा कोरा राहिला, आणि अकरा वाजेपर्यंत सहा माणसं त्यांच्या दारात.

आता जे लिहायला जड जातंय ते. चार तारखेला आमच्यातले एक आजोबा गेले. ज्येष्ठांच्या संकुलात हे वरचेवर होतं, पण त्यावर कुणी बोलत नाही. ॲम्ब्युलन्स मागच्या दाराने येते. दुसऱ्या दिवशी दारावरची नावाची पाटी काढलेली असते. का, तर घर बघायला नवीन लोक येतात, त्यांना वाईट वाटू नये. मेसमध्ये त्यांची खुर्ची टेबलावरून उचलून नेतात. आजी बावीस पायऱ्या उतरून खाली बसायला आल्या, तर माणसं त्यांच्याशी हवापाण्याचं बोलत होती. आजोबांचं नाव कुणी काढेना. त्या पाच मिनिटांत उठून गेल्या.

मी व्यवस्थापनाला पत्र दिलं, ४१ सह्यांचं. तेराव्यापर्यंत पाटी काढायची नाही. ॲम्ब्युलन्स पुढच्या दाराने येईल, आणि ज्यांना यायचं ते पोर्चमध्ये उभे राहतील. पाचव्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये बसायचं, भाषणं नाहीत, ज्यांना आठवण सांगायची त्यांनी सांगायची. पहिल्यांदा बसलो तेव्हा अर्धा तास कुणी बोललं नाही. मग मेसचा मुलगा म्हणाला, 'आजोबा रोज विचारायचे, तू जेवलास का?' आजी तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. आणि मग दीड तास कुणी उठलं नाही.

अबोली (२२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५)

ताई, पाटीचं वाचून काय लिहावं सुचत नाही. आईला फोन करते.

दूरदेशी (२३ फेब्रुवारी, सकाळी ७:४०)

पत्राचा मसुदा इथे टाकाल का? आईच्या संकुलात द्यायचा आहे.

जास्वंद (२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२०)

टाकते. सह्या घ्यायला जाताना मात्र सगळ्यांत आधी ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्यांच्याकडे जा. त्यांना नको असेल तर त्यांचं आधी ऐका.

एकटा_चालणारा (११ मार्च, रात्री ९:३०)

फिजिओ_ताईंनी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला.

आमच्याकडे ३८ काठ्या, ११ वॉकर आणि चाकाच्या ७ खुर्च्या आहेत. सगळ्या पाहिल्या. २९ काठ्यांची रबरं निकामी. चार वॉकरचे पाय कमी-जास्त उंचीचे. दोन खुर्च्यांचे डावे ब्रेक लागत नव्हते, त्यांतली एक रोज वापरात होती. हे पाहून मला रात्री झोप लागली नाही. कारखान्यात असं काही माझ्या टेबलावरून सुटलं असतं तर काय झालं असतं?

मेन रोडवरून तीन मापांची रबरं आणली. दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा क्लबहाऊसच्या व्हरांड्यात टेबल लावतो. प्रत्येक काठीला नंबर, वहीत तारीख, मूठ, उंची, रबर, शेरा, सही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. माणसं काठी घेऊन येतात, आणि काठी होईपर्यंत बसतात. एकाची काठी झाली तरी तो बसून राहतो. गेल्या मंगळवारी बारा जण होते, चहा मागवावा लागला. त्यांतले सात जण मी आमच्या संकुलात आधी कधीच पाहिले नव्हते, तेही माझ्यासारखेच वरचे.

मंगळवारी मी दाढी करतो.

रंगपंचमीला टाळ्या वाजवायला सांगणारी ती मुलगी काठ्यांना रंगीत रिबिनी बांधू का विचारत होती. बांध म्हटलं, पण मुठीपासून चार बोटं खाली, हात घसरता कामा नये.

फिजिओ_ताई (१२ मार्च, सकाळी ७:५०)

काका, तुमच्या वहीच्या पानाचा फोटो मिळेल का? मी दोन्ही संकुलांत असंच सुरू करायचं म्हणतेय. उंचीचा रकाना मी कधी ठेवला नव्हता.

गोदातीर (१२ मार्च, सकाळी १०:२०)

रंगपंचमीचा विषय निघालाच आहे तर: आमच्या जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी (रंगाच्या पाण्याने भरायचे जमिनीतले मोठे हौद) यंदाही उघडल्या. वडिलांना तिवंधा चौकात नेलं होतं. ते म्हणे १९६० पासून धप्पा (रहाडीत उडी) मारत आले. आता उडी मारता येत नाही, काठावर खुर्ची टाकून बसले. पोरं येऊन रहाडीतला रंग त्यांच्या पायांवर ओतून नमस्कार करून जात होती. पुढच्या वर्षी संकुलांतल्या ज्यांना यायचं त्यांनी सांगा, काठावरच्या खुर्च्यांची सोय मी करतो.

जास्वंद (२६ एप्रिल, सकाळी ६:५०)

धागा वर काढते आहे. १ मेपासून वसंत व्याख्यानमाला. आमच्याकडून २६ जण जायचं म्हणतायत, त्यांतले १४ जण माझ्या जुन्या वहीत कधीच नव्हते. फळा लिहिणाऱ्या काकांनी आठवडाभर आधीच सूचना लिहून ठेवली आहे: निघण्याची वेळ, वाटेत थांबण्याच्या जागा, परत येण्याची वेळ. डिसेंबरात आजारी पडलेल्या बाईंनी नावांची यादी आपल्याकडे घेतली आहे. परतताना गाडीत डोकी त्याच मोजणार.

गोदातीर, दोन प्रश्न. कुंभमेळ्याची कामं चालली आहेत, तर गाडी पटांगणाच्या किती जवळ जाईल? आणि शेवटच्या रांगेच्या मागे चाकाच्या दोन खुर्च्या राहतील का?

गोदातीर (२६ एप्रिल, सकाळी ८:३०)

संध्याकाळी स्वतः जाऊन पाहून येतो. रस्ता रोज बदलतोय, ३० तारखेला पुन्हा एकदा पाहीन. खुर्च्या मागे नको, डाव्या कडेला दुसऱ्या रांगेपाशी लावू. तिथून ऐकूही येतं आणि बोलणाऱ्याचं तोंडही दिसतं. वडील पाचला जाऊन जागा धरतील, त्यांना आवडेल.

एकटा_चालणारा (२६ एप्रिल, दुपारी १२:४०)

आमच्याकडून नऊ जण येऊ शकतील का? सहा काठ्या, एक वॉकर. सगळ्यांची तपासणी २१ एप्रिलला झाली आहे. घाटाच्या दगडी पायऱ्या ओल्या असतात, म्हणून जास्तीची रबरं आणि एक टॉर्च बरोबर ठेवतो. तुमच्या २६ जणांपैकी कुणाची काठी पाहायची असेल तर अर्धा तास आधी पोचतो.

जास्वंद (२६ एप्रिल, दुपारी १:१५)

या काका. आमच्याकडे ११ काठ्या आहेत आणि त्या कुणीच कधी तपासलेल्या नाहीत. साडेपाचला पटांगणाच्या कडेला भेटू. मी जांभळ्या साडीत असेन, हातात वही असेल.